किल्ली द्यायला नको होतीस, कुंदा

कुंदा,

काल अनिकेतचा फोन आला होता. आपल्या मराठी मंडळाची स्मरणिका यंदा तो काढतोय. बेसिंगस्टोकला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मुलगा तसा गुणी. म्हणाला, "विजूकाकू, कुंदाकाकूंवर तुम्हीच लिहा. तुम्ही त्यांच्या बेस्ट फ्रेंड होतात. दीड-दोन पानं बास. फक्त टोन जरा पॉझिटिव्ह ठेवा, आणि तो हॉलचा इश्यू वगैरे नको. सीनियर लोकांना उगाच हर्ट होतं."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि मग मला असा काही राग आला, की मळत होते ती कणीक तशीच टाकून बागेत जाऊन उभी राहिले. तुला जाऊन पुरते दोन आठवडे झाले नाहीत, आणि तुझ्यातून काय गाळायचं हे ठरलंसुद्धा. हॉल गाळला तर तुझं उरतं काय गं? सुगरण होती, हसतमुख होती, अडल्यानडल्याला धावून जायची. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एक तरी अशी बाई मरतेच.

तेव्हा हे स्मरणिकेसाठी नाही. तुलाच लिहितेय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते मला एकटीला पुढे न्यावं लागतंय, याचाही मला रागच आलाय.

आपली ओळख झाली तीच मुळी भांडणातून. मंडळाच्या दिवाळीला तू आमटी केली होतीस, आणि मी पुण्याच्या आगाऊपणाने विचारलं होतं, यात गूळ कुठाय? तू पळी हातात धरून म्हणालीस, "आमटी आहे बाप्पा, बासुंदी नाही." त्यानंतर कित्येक वर्षं आपण एकमेकींच्या आमटीला नावं ठेवत एकमेकींकडे जेवत राहिलो. तू नागपूरची, मी पुण्याची, भेटलो इंग्लंडात. तू माणसं जमवणार आणि मी त्यांच्यातली खोट काढणार, ही वाटणी तेव्हाच झाली.

तुझे वसंतराव गेल्यावर तू शाळेत दुपारचं जेवण वाढायचं काम धरलंस. मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली. नागपूर विद्यापीठाची एम.ए. आणि डोक्याला जाळी बांधून पोरांच्या ताटात मॅश पोटॅटो वाढते! तू म्हणायचीस, घरी एकटीने वरणभात खाण्यापेक्षा शाळाभर पोरांना वाढलेलं बरं. तिथेच तुला ती मुलं भेटली. काळ्याभोर केसांची, वाढलेलं सगळं संपवणारी, आणि तुला इंडियन न समजता आपल्याच देशातली कुणी मावशी समजून सरळ स्पॅनिशमध्ये बोलायला लागणारी. तूही ठोकून द्यायचीस काहीतरी. तुझ्या त्या स्पॅनिशला पोरं पोट धरून हसायची, आणि तू घरी येऊन मला शिकवायला बसायचीस. मला त्यातलं एक अक्षर आलं नाही आणि येऊ नये म्हणून मी प्रयत्नही केले.

ती मुलं गावाबाहेरच्या कॅरॅव्हॅन साइटवरून, चाकांवरच्या घरांच्या वस्तीतून यायची. तिथून पुढे हीथ सुरू होतो. हीथ म्हणजे इथलं माळरान, काटेरी झुडपं आणि मधूनच पाइनची झाडं. साइटच्या पुढच्या अर्ध्या भागात निवृत्त इंग्रज जोडपी राहायची, स्वतःच्या मालकीच्या नीटनेटक्या घरांत, दारात फुलांच्या कुंड्या. मागच्या अर्ध्या भागात, थेट झुडपांना टेकून, साइटच्या मालकाने भाड्याने दिलेल्या जुन्या कॅरॅव्हॅन. त्यात ही डझनभर कुटुंबं. बोलिव्हियाची, इक्वेडोरची, कोलंबियाची. काही वर्षं स्पेनमध्ये काढून इकडे आलेली. दिवसा नर्सरीच्या काचघरांत रोपं लावायची आणि संध्याकाळी बिझनेस पार्कातली ऑफिसं साफ करायची. आपली मुलं ज्या ऑफिसांतून लॅपटॉप घेऊन बाहेर पडत, तिथे ही माणसं तेव्हा बादल्या घेऊन आत शिरत. आपल्यातल्या कुणीही त्यांच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पाहिलं ते तू.

आग लागली त्या उन्हाळ्यात होजपाइप बॅन होता. बागेला पाइप लावला तर शेजारी तक्रार करत. हीथ वाळून खडखडीत झाला होता. दुपारी माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर काळं काहीतरी पडायला लागलं, तर मला वाटलं कुणीतरी बार्बेक्यू लावलाय, आणि मी कुंपणाकडे तोंड करून दोन शब्द बोलूनही घेतले. इंग्लंडमध्ये वणवा लागतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी खोटंच समजले असते. तोवर मागच्या भागातल्या सगळ्या कॅरॅव्हॅन जळून गेल्या होत्या. पुढच्या भागाला धूर लागला, काही छपरं वितळली, पण फायर ब्रिगेड पुढच्या बाजूने आलं, त्यामुळे तिथलं बरंच वाचलं. माणूस कोणी गेलं नाही. हे वाक्य नंतर आपण फार ऐकलं, आणि प्रत्येक वेळी ते "मग आता तक्रार कसली" अशा सुरातच म्हटलेलं असायचं.

तू बसने तिथवर गेलीस. पोलिसांनी रस्ता अडवला होता, तिथे फुटपाथवर ही सगळी मंडळी बसली होती. रोसाल्बाच्या मांडीवर प्रेशर कुकर होता. तिची मुलगी तुझ्या शाळेतली म्हणून तू तिला ओळखत होतीस. आगीतून पळताना बाईने पासपोर्ट आणि कुकर एवढंच उचललं होतं. तू मला नंतर म्हणालीस, "विजे, मी पण कुकरच उचलला असता. ही आपल्यातलीच निघाली ना."

आणि तू कुणालाही न विचारता हॉल उघडलास. मंडळाने वर्षाच्या कराराने घेतलेला तो जुना हॉल, ज्याची किल्ली तुझ्याकडे असायची, कारण मंडळाचं स्वयंपाकघर तूच सांभाळायचीस. योगाच्या क्लासच्या चटया पसरल्यास, दूध, ब्रेड आणून ठेवलंस, आणि मग घरी जाऊन अध्यक्षांना फोन केलास. आपले अध्यक्ष दिलीपराव म्हणजे भला माणूस. ते लगेच म्हणाले, "कुंदाताई, अगदी योग्य केलंत."

पहिले काही दिवस तर मंडळाला उत्साहाचं भरतंच आलं होतं. एवढे कपडे आले की स्टेज दिसेना. कोणीतरी लग्नातली शेरवानी दिली होती. रोसाल्बाचा नवरा ती घालून हॉलभर मिरवला, आणि आगीनंतर पहिल्यांदा ती माणसं हसली. मग रोसाल्बा तुला म्हणाली, थँक यू, आता कपडे नकोत. आम्हाला आणखी एक शेगडी हवी आणि एक फोन हवा. बायकांना ते आवडलं नाही. माणसाने मिळेल ते घ्यावं, अशी आपली समजूत.

मलाही सुरुवातीला खटकलंच होतं. मी तुला म्हटलं, कुणीतरी आपल्यापैकी रोज तिथे थांबायला हवं, लक्ष ठेवायला. तू म्हणालीस, "आपलं काम किल्लीचं. बाकी त्यांचं ते पाहतील. तू काहून मधे मधे करून राहिली?" आणि खरंच पाहिलं की त्यांनी. कोण कुठे झोपणार, कोण शिजवणार, पोरांना शाळेत कोण नेणार, सगळं त्यांचं त्यांनी बसून ठरवलं. मंडळाच्या मीटिंगला जेवढा वेळ चहा कुणी करायचा यावर जातो, तेवढ्या वेळात त्यांनी घर बसवलं. कौन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, बोलायला कधीही एकट्याने जायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

कारण कौन्सिलची बाई रोज यायची आणि एकेका कुटुंबाला बाजूला घेऊन विचारायची, तुम्हाला रेडिंगला खोली देते, जाता का? तुम्हाला ऑल्डरशॉटला देते? रोसाल्बा म्हणायची, सगळ्यांना एका ठिकाणी, नाहीतर कोणीच नाही. फुकट सल्ला देणाऱ्या त्या तरुण वकिलाने, सॉलिसिटरनेही हेच बजावलं होतं. साइटच्या पुढच्या भागातले लोक विम्याच्या पैशांवर आठवड्याभरात परत आले होते. मागच्या भागात मालकाला आता सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी महागडे लॉज बांधायचे होते. या लोकांची जागेवर मालकी नव्हती, विमा नव्हता. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती सगळी एका छपराखाली होती. एक पत्ता, एक प्रश्न. तोवर मालकाला आणि कौन्सिलला त्यांच्याशी बोलणं भाग होतं. पांगलात तर संपलात, असं तो सॉलिसिटर स्वच्छ म्हणाला होता. तू होतीस तिथे. मीही होते.

आणि मग गणपती आले.

दिलीपरावांच्या घरची ती मीटिंग तुला आठवत असेलच. मला तर शब्द न् शब्द आठवतो. सेक्रेटरी म्हणाले, "गणपती वीकेंडला हॉल लागणार, त्यात डिस्कस काय करायचंय?" त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "आणि किचनचं काय? त्या भांड्यांत काय काय शिजवलंय, आय डोन्ट इव्हन वॉन्ट टू नो. नैवेद्य कसा करायचा तिथे?" कोणीतरी म्हणालं, "इट्स अ हायजीन इश्यू." मी म्हटलं, "हायजीन कशाला, सोवळं म्हणा की सरळ." तर तू मला टेबलाखालून कोपर मारलंस. कोपर त्यांना मारायचं सोडून मला.

मग तू तुझ्या मऊ आवाजात सुचवलंस, की गणपती स्टेजवर बसवू, ती मंडळी मागच्या भागात राहतील. नैवेद्य तू घरून करून आणशील. पोरं आरतीला टाळ्या वाजवतील. "बाप्पा काय त्यांना उठा म्हणून राहिला का?" असं तू हसून विचारलंस. सेक्रेटरी म्हणाले, "प्रश्न बाप्पाचा नाहीये कुंदाताई, फायर एक्झिटचा आहे. इतके लोक झाले तर फायर एक्झिट ब्लॉक होतो."

घर जळालेल्या माणसांबद्दल बोलत होते ते. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या, आणि कोणीतरी ढोकळ्याची प्लेट पुढे सरकवली.

शेवटी दिलीपराव बोलले. "कुंदाताई, दोनच दिवस. शनिवार, रविवार. कौन्सिल तेवढ्यापुरती त्यांची सोय करतेय, मी बोललोय. सोमवारी सकाळी हॉल परत त्यांचा. माझा शब्द." आणि तू म्हणालीस, "तुम्ही म्हणता तर ठीक आहे."

गाडीत मी तुला सांगितलं होतं, किल्ली देऊ नकोस. तू म्हणालीस, "काहून? ते शब्द देऊन राहिले ना." मी म्हटलं, शब्द दिलीपरावांचा आहे, कौन्सिलचा नाही. तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "वसंताच्या अस्थी घेऊन ते रामटेकला गेले होते, विजे. स्वतःची रजा टाकून. तिथल्या अंबाळा तलावात उभं राहून सगळं केलं त्यांनी. मी त्यांना नाही कसं म्हणू?" इथे परदेशात आपली माणसं असंच आपल्याला बांधून ठेवतात. वेळेला उभी राहतात, आणि मग जन्मभर त्यांना नाही म्हणायची सोय राहत नाही. पण अस्थी वसंतरावांच्या होत्या, कुंदा. उपकार तुझ्यावर होते. ते तू रोसाल्बाच्या घरातून फेडलेस.

रोसाल्बाला तूच सांगितलंस. मग तिने विचारलं, "यू आर शुअर, कुंदा?" तू तिचे दोन्ही हात धरून म्हणालीस, "टू डेज. माय वर्ड." म्हणजे दिलीपरावांचा शब्द तू आपल्या नावावर करून घेतलास.

शुक्रवारी मिनीबस आल्या. दोनच दिवसांसाठी म्हणून त्यांनी फार काही नेलं नाही. अंथरुणं गुंडाळून स्टेजच्या पडद्यामागे रचून ठेवली, स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं. तरी शनिवारी सकाळी सेक्रेटरींच्या मिसेसनी ते परत धुतलं, गोमूत्र शिंपडून. लंडनहून बाटली मागवली होती त्यासाठी. लख्ख स्वयंपाकघरात ती बाई बाटली घेऊन फिरत होती आणि तू मोदकांची उकड काढत होतीस. मी दारात उभी राहून पाहत होते. तुझे हात थांबले नाहीत. तेव्हा मला तुझा जेवढा राग आला तेवढा त्या बाईचाही आला नाही.

पण खरा कळस संध्याकाळी झाला. आरती झाल्यावर दिलीपरावांनी भाषण केलं. आपल्या मंडळाने आगग्रस्तांना कसा आधार दिला, मराठी माणूस सातासमुद्रापार गेला तरी माणुसकी कशी विसरत नाही. आणि या कार्याच्या शिलेदार म्हणून तुझा सत्कार. शाल, श्रीफळ. तू स्टेजवर गेलीस. तुझ्यामागे तो पडदा, आणि पडद्यामागे त्यांची अंथरुणं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. तू शाल घेतलीस, कुंदा. वाकून नमस्कारही केलास. ती खांद्यावरून काढून माइक हातात घ्यायला तुला कोणी अडवलं होतं? एकदा, फक्त एकदा, तुला लोकांसमोर वाईट वागता आलं असतं तर!

सोमवारी सकाळी तू हॉल उघडून बसलीस. दूध, ब्रेड, केळी. मी तुझ्यासाठी डबा घेऊन आले तेव्हा तू खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली होतीस. कोणी आलं नाही. दुपारी रोसाल्बाचा फोन आला, अँडोव्हरहून. तिचं कुटुंब एकटं अँडोव्हरला, तिची बहीण रेडिंगला, बाकीचे स्लाऊ, ऑल्डरशॉट, साउथॅम्प्टन, जिथे जिथे बेड अँड ब्रेकफास्टची खोली मिळाली तिथे. आणि कौन्सिलच्या बाईने सांगितलं होतं, तुम्हाला निवारा दिलेला आहे. तो तुम्ही आपण होऊन सोडलात, तर तुम्ही स्वतःहून बेघर झालात असं धरलं जाईल. मग आमची काही जबाबदारी नाही.

तो सॉलिसिटर बिचारा धडपडला. पण आता प्रत्येकाचं गाव वेगळं, केस वेगळी, आणि एकाही केसमध्ये सांगण्यासारखं काही नाही. खोली मिळालीच आहे ना? लॉजचं प्रकरण पुढे सरकलं. हरकत घ्यायला कोण येणार होतं? अँडोव्हरहून कामाची पाळी सोडून, पोर काखोटीला मारून? आता तिथे लॉज आहेत. दारात गरम पाण्याचे टब आहेत. पुण्याहून आलेली अनिकेतच्या ऑफिसातली काही मुलं मागच्या इस्टरला तिथेच राहून आली. फार छान आहे म्हणाली.

दिलीपरावांना मनापासून वाईट वाटलं, हे मी खोटं म्हणणार नाही. "मला खरंच कल्पना नव्हती हो," ते म्हणाले. कौन्सिलला फोनही केले त्यांनी. मग नवरात्र आलं, भोंडल्याची तयारी आली, आणि तो विषय मंडळात काढणं वाईट दिसायला लागलं. वाईट वाटणं आणि वाईट दिसणं यात आपल्या लोकांचा सगळा वेळ जातो.

मी तुला म्हटलं, चल, लोकल पेपरकडे जाऊ. काय झालं, कुणी हॉल मागितला, कशासाठी मागितला, सगळं सांगू. कदाचित कौन्सिल हलेल. तू घाबरून गेलीस. "आपल्याच लोकांविरुद्ध? पेपरात? मग तोंड कसं दाखवायचं?" मी म्हटलं, तोंड कुणाला दाखवायचंय ते आधी ठरव. दिलीपरावांना, का रोसाल्बाला? तू रडायला लागलीस आणि मी डबा उचलून घरी आले. त्यानंतर दिवाळी होऊन गेली तरी आपण बोललो नाही. इतकी वर्षं भांडलो, पण न बोलण्याची ती पहिलीच वेळ.

आपण पुन्हा बोलायला लागलो ते तुझ्या गुडघ्यांमुळे. तू बसच्या पायरीवरून पडलीस असं कळलं, म्हणून मी आले. तेव्हा समजलं की दर शनिवारी तू बस पकडून त्यांच्याकडे जातेस. आज अँडोव्हर, पुढच्या वेळी रेडिंग, मग स्लाऊ. रोसाल्बाने केलेलं लोणचं तिच्या बहिणीला पोचवायचं, बहिणीच्या बाळाचे फोटो हिला दाखवायचे. ज्यांना तू एका छपराखालून हलवलंस, त्यांच्यात तू स्वतः जाऊन येऊन जोड घालत होतीस. मग मी गाडी काढायला लागले. दोन वर्षं आपण त्या गावांतून हिंडलो. मी गाडी चालवत कुरकुर करायची, तू शेजारी मांडीवर डबे धरून. त्यांना कुठे तरी एकदा सगळ्यांना एकत्र जमवायचं, असं तू सारखं म्हणायचीस. कधी कुणाची पाळी, कधी कुणाचं पोर आजारी. एकजण तर कंटाळून बायकोमुलांसकट बोलिव्हियात, कोचाबांबाला परत गेला. ते जमलं नाही.

त्या गाडीत मी कितीदा तरी विचारायचं ठरवलं होतं, की तू रोसाल्बाला कधी स्पष्ट सांगितलंस का? की माझं चुकलं, मी भीड पडली म्हणून तुम्हाला उठवलं? तुम्हा दोघींना मी पाहायचे. ती तुझ्या गुडघ्यांना कसलंसं तेल चोळायची, तू तिच्या मुलीची वेणी घालायचीस. काही बोलणं झालं होतं का तुमच्यात, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. उत्तर नाही असं आलं असतं, तर मी पुन्हा भांडले असते.

आणि मला तुला एक सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही. तुला वाटायचं विजू माझ्यावर चिडते कारण मी भित्री. अगं, बाकीच्यांवर चिडून उपयोग काय होता? त्यांच्याकडून मला काही नकोच होतं. तू एकटीच अशी होतीस की जिने हॉल उघडला होता, कुणाला न विचारता, अर्ध्या तासात. बंद करायला मात्र मीटिंग भरली आणि तू त्या मीटिंगचं ऐकलंस. इतकी चांगली बाई चांगल्या लोकांच्या तावडीत सापडली, याचा मला राग आहे. तो तुझ्याबरोबर गेला नाही. माझ्याकडेच आहे.

तू गेलीस ती घरीच, सकाळी, चहा गाळता गाळता. मी रोसाल्बाला फोन केला. बाकी कुणाला करायची गरजच पडली नाही.

क्रेमेटोरियमला मंडळाचे लोक वेळेवर आले, काळे कोट घालून. दिलीपराव होते, डोळे सुजलेले, खरे सुजलेले. आणि मग ती माणसं यायला लागली. अँडोव्हरहून बसने, स्लाऊहून ट्रेनने, साउथॅम्प्टनहून कुणाच्या तरी नर्सरीच्या व्हॅनमधून. सगळी एकत्र पाहिल्यावर कळलं, पोरं केवढी मोठी झाली होती! फाटकापाशी एकमेकांना बघत उभीच राहिली क्षणभर, आणि मग एकमेकांच्या गळ्यात पडली. त्यातलं रडणं तुझ्यासाठी किती होतं आणि एकमेकांसाठी किती, ते मला कळलं नाही. कोचाबांबाला गेलेले सोडले, तर त्या शुक्रवारनंतर सगळी एका जागी पहिल्यांदा आली होती. दोन वर्षं तुला जे जमलं नाही ते असं जमलं.

विधी संपला, पुढची मंडळी यायची होती म्हणून आम्हाला बाहेर काढलं. मागच्या हिरवळीवर, फुलं ठेवतात तिथे, ती सगळी घोळका करून उभी होती. कोणी हलेना. दिलीपराव त्यांच्याजवळ गेले. त्यांनी हात जोडले. "प्लीज," ते म्हणाले, "वी हॅव अरेंज्ड टी. ऑल ऑफ यू, प्लीज कम टू द हॉल."

रोसाल्बाने डोळे पुसले. त्यांच्याकडे सरळ पाहिलं. आवाज जराही न चढवता विचारलं, "थँक यू. फॉर हाऊ मेनी डेज?"

दिलीपरावांचे हात तसेच जोडलेले राहिले. सेक्रेटरी पार्किंगकडे बघायला लागले. आणि मला, कुंदा, अगदी खरंच, तुझं कोपर लागल्यासारखं वाटलं. तू असतीस तर पुटपुटली असतीस, "जाऊ दे ना विजे, चहाच तर आहे. म्हातारा माणूस एवढं म्हणून राहिला." आणि त्यांचं मन राखायला सगळ्यांना घेऊन निघाली असतीस.

आम्ही कोणीच गेलो नाही.